सामायिक ऑफिस इमारतीसाठी ६०० पौंडी मॅग्नेटिक लॉक: कसं आहे?

एकाच मजल्यावर पाच-सहा ऑफिसं असतील, तर कॉरिडॉरच्या दाराला हे विजेच्या चुंबकाने दार धरून ठेवणारं लॉक उत्तम. पकड साधारण २७० किलोंची, १२ व्होल्टवर वीज लागते जेमतेम अर्धा अँपिअर. सगळ्यात मोठा गुण म्हणजे पुरवठा तुटला की दार आपोआप सुटतं, आगीत माणसं आत अडकत नाहीत. पण बॅटरी बॅकअप लावला की वीज गेली तरी लॉकला पुरवठा चालूच राहतो आणि हा गुण झाकला जातो. म्हणून फायर अलार्म पॅनेलचा रिले (अलार्म वाजला की पुरवठा तोडणारा स्विच) थेट लॉकच्या पुरवठ्याच्या वायरमध्येच घ्या. तो नुसता कंट्रोलरला (कार्ड वाचून दार उघडणाऱ्या यंत्रणेला) जोडला आणि कंट्रोलर हँग झाला, तर दार बंदच राहील! आतल्या बाजूची हिरवी इमर्जन्सी पेटीसुद्धा तशीच, थेट वायर तोडणारी हवी. एकट्या एक्झिट बटणावर विसंबू नका.

तक्रारी बहुतेक बसवण्यातल्या असतात. दारावरची लोखंडी पट्टी मधल्या बोल्टवर, रबरी वॉशरसकट, किंचित हलती ठेवायची असते. फिटर ती करकचून आवळतात. मग पट्टी चुंबकाला सपाट टेकत नाही आणि खांद्याच्या एका धक्क्याने दार उघडतं. मध्ये चिकटपट्टीचा तुकडा राहिला तरी तेच.

महिन्यातून एकदा अलार्म वाजवून प्रत्येक दार हाताने ढकलून बघाच.