मीटरवर १५.९ दिसत होतं, तरी मी पैसे दिले

प्रवासात गाडी बिघडली आणि वाटेतल्या गॅरेजवाल्याने मला गंडवलं. आधी हिशेब सांगतो, कारण रात्री झोप लागेपर्यंत तोच डोक्यात फिरतो. बॅटरी ४,३००. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरणारा डबा, ६,५००. फॅनबेल्ट ४८०. मजुरी ९००. 'चेकिंग' ३००. एकूण १२,४८० रुपये, आणि हे फक्त पहिल्या दिवसाचे. दुरुस्ती काय होती? ८५० रुपयांचा रेग्युलेटर, म्हणजे अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरून धरणारा भाग.

लाज जास्त वाटते ती याची, की मी अडाणी नाही. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होतो. पोरांच्या हातात व्होल्टमीटर द्यायचा आणि बजावायचं, आधी आकडा लिहा, मग तुमचं मत सांगा. ही अक्कल मी इतकी वर्षं वाटली आणि ऐन वेळी स्वतःसाठी शिल्लक ठेवली नाही.

गाडी मारुती ८००, २००७ची, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरची नाही, इंजेक्शनची. २०२२ला पंधरा वर्षं झाली तेव्हा ५,००० रुपये भरून पाच वर्षांचं पासिंग करून घेतलंय. "विकून टाका" म्हणणारे घरातच आहेत, त्यांचं ऐकून झालंय. इंजिन आजही घड्याळासारखं चालतं.

मे २०२५चा शेवट, पाऊस लवकर आलेला. सांगलीहून रत्नागिरीला निघालो होतो, मेव्हण्याच्या मुलीची दुसऱ्या दिवशी हळद. मागच्या सीटवर ही आणि तिची बहीण, दोघींच्या मांडीवर बुंदीच्या लाडवांचे डबे. दोन-तीन दिवस गाडी उभी असताना बॅटरीचा लाल दिवा मिणमिणत होता, रेस दिली की विझायचा. ही खरं तर चिठ्ठीच होती, मी वाचली नाही. कोल्हापूर सोडल्यावर तासाभरात वायपर म्हाताऱ्यासारखे चालायला लागले, हेडलाइट पिवळे पडले, चहाला थांबलो तर सेल्फ नुसता टकटक करायला लागला. धक्का मारून सुरू केली आणि पुढच्याच गॅरेजला नेली. तिथंच, कारण दुसरं दिसत नव्हतं.

"काका, बॅटरी डेड." बॉनेट उघडल्यावर अर्ध्या मिनिटात निदान. बॅटरी आठ महिन्यांची, वॉरंटी कार्ड डॅशबोर्डच्या खणात. मी म्हटलं, उतरली असेल, चार्जिंगला लाव. तर म्हणे चार्जर बिघडलाय. (चार्जर बिघडलेलं गॅरेज दिसलं की तिथून चालत निघा.) जुनी बॅटरी त्यानेच ठेवून घेतली. ४,९०० सांगितले, जुन्याचे ६०० वजा करून ४,३००. उपकार केल्यासारखं तोंड करून. वॉरंटीतली बॅटरी मी स्वतःच्या हाताने भंगारात घातली.

मग त्याने चालू गाडीत बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढला. इंजिन बंद पडलं. "बघा, अल्टरनेटर गेला." ही फियाट-अँबॅसडरच्या जमान्यातली तपासणी. अल्टरनेटरच्या आधीच्या जुन्या डायनॅमोला ती चालून जायची. इंजेक्शनच्या गाडीत असा टर्मिनल उपटला की व्होल्टेज उसळतं, रेग्युलेटर, डायोड, कधी कधी अख्खा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बळी जातो. कुणी तुमच्या चालू गाडीचा टर्मिनल काढायला पाना उचलला तर त्याचा हात धरा. मी धरला नाही. मला माहीत होतं आणि मी धरला नाही, कारण मागून ही सारखी विचारत होती, "अजून किती वेळ?"

खरं म्हणजे अल्टरनेटर उतरवायच्या आधीच मीटरची दोन टोकं लावायची असतात. अल्टरनेटरच्या मागचा जाड बोल्ट ते बॅटरीचा प्लस, मग इंजिनची बॉडी ते बॅटरीचा मायनस, गाडी चालू, लाइट लावलेले. अर्ध्या व्होल्टाचा फरक आला तरी दोष वायरीचा किंवा अर्थिंगचा असतो आणि पन्नास रुपयांच्या सँडपेपरमध्ये काम होतं. त्याने केलं नाही, मी सांगितलं नाही.

'नवीन' अल्टरनेटर मागच्या खोलीतून आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. खोकं नाही, स्टिकर नाही, पण झळझळीत चंदेरी. आणणाऱ्या पोराच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना तोच चंदेरी रंग. मी बघितलं. अगदी स्पष्ट बघितलं. मनात आलंसुद्धा, की नवा माल हाताला रंग कसा सोडेल? पण विचारलं नाही, पोराचा अपमान होईल म्हणून. कुणाच्या मानाची मला एवढी काळजी पडली होती कोण जाणे.

आता तो क्षण. बसवून झाल्यावर मीच मीटर मागितला. सांगायला संकोच वाटतो, पण थोडा रुबाब दाखवायचा होता, की समोरचा माणूस अगदीच कोरा नाही. गाडी चालू, रेस नाही, टर्मिनलला मीटर. १५.९ व्होल्ट.

चालू गाडीत १३.८ ते १४.४ यावं, थंड इंजिनला जरा वर. १५च्या पुढे म्हणजे रेग्युलेटर शॉर्ट, अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या रोटरला सगळा करंट बिनलगाम जातोय. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मी म्हटलं, "अरे, हे जास्त नाही का?" तो हसला. "नवीन आहे ना काका, सुरुवातीला जोर असतोच. गरम झालं की बसतं खाली."

आणि मला ते पटलं! पटलं कारण त्यात चिमूटभर खरं होतं. चांगला रेग्युलेटर गरम झाला की व्होल्टेज थोडं उतरवतोच, १४.५ वरून १३.९ वर वगैरे. १५.९ वरून नाही. सगळं खोटं बोलला असता तर मी तिथंच भांडलो असतो. रेस देऊन बघ, एवढं जरी म्हटलं असतं तरी काटा १७च्या पुढे गेला असता आणि त्याची बोलती बंद झाली असती. नाही म्हटलं.

बिल मागितलं तर "बिल हवं तर अठ्ठावीस टक्के वर." जीएसटी तेव्हा तेवढा होता, म्हणजे अल्टरनेटरवरच १,८२० रुपये. नको म्हटलं. पैसे मोबाइलवरून पाठवले तर स्क्रीनवर गॅरेजचं नाही, कुणा बाईचं नाव. तेही चालवून घेतलं. जुना अल्टरनेटर मागायचं तर डोक्यातच आलं नाही. बदललेला पार्ट डिकीत टाकल्याशिवाय पैशाला हात लावू नका.

आंबा घाटात धुकं होतं. हेडलाइट असे पांढरेशुभ्र पडत होते की मेहुणी म्हणाली, "भावजी, नवीन मशीनचा उजेड बघा कसा पडलाय!" आधी डावा बल्ब गेला, चार-पाच वळणांनी उजवा. उतरत उतरत साखरप्याला आलो तर गाडीत सडक्या अंड्याचा वास. लाडू बिघडले म्हणून दोघींनी डबे उघडून पाहिले. लाडू ठीक होते. बॅटरी उकळत होती. बॉनेट उघडलं तर बॅटरीचा डबा फुगलेला, हात लावता येईना, टर्मिनलवर पाणी ओघळलेलं. अशा वेळी बिडी-काडी जवळ नेऊ नका, त्यातून हायड्रोजन निघत असतो. इंजिन बंद करून लांब उभं राहायचं, बस्स.

तिथून रत्नागिरीपर्यंत टोइंगचे ३,२००. बल्ब दोन, ३८०. परत नवीन बॅटरी ४,१५०. टेपरेकॉर्डर जळाला तो हिशेबात धरलेला नाही. रत्नागिरीच्या वायरमनने माझ्यासमोर अल्टरनेटर उघडला. आत रोटरला करंट पोचवणारा एक कार्बन नखाएवढा उरलेला, बेरिंग घरघरतंय, रेग्युलेटर कुठल्यातरी भंगारातला. "डबा जुनाच आहे काका, वरून फक्त आंघोळ घातलीये." कार्बनसकट नवा रेग्युलेटर ८५०, मजुरी ४००. दुसरी यादी ८,९८०ची झाली. दोन्ही मिळून २१,४६०. मूळ गाडीला पहिल्याच दिवशी हेच १,२५० आणि बॅटरी चार्जिंगचे दीडशे, एवढं पुरलं असतं. वीस हजार साठ रुपये मी पाण्यात घातले.

आता सरकारी यात्रा ऐका. परतताना गॅरेजला गेलो तर "तुम्हीच कुठं वायर शॉर्ट केली असेल." पोलीस चौकीत हवालदारसाहेब म्हणाले, गाडी चालू करून दिली होती ना? मग फसवणूक कुठं झाली? मी व्होल्टेज समजावलं, त्यांनी चहा प्यायला. मग म्हणे ही हद्द आमची नाही. ज्यांची हद्द त्यांनी सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, हा दिवाणी मामला आहे. परिवहनवाल्यांनी सांगितलं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. गाडीला पासिंग हवं, पीयूसी हवी, विमा हवा, चालवणाऱ्याला लायसन्स हवं. गाडीच्या आतड्यात हात घालणाऱ्याकडे काय आहे, हे मला कुठल्याच खिडकीवर कुणी सांगू शकलं नाही. एका ग्राहक कार्यालयातल्या कारकुनाने तर वर न बघता सांगितलं, गॅरेज ज्या जिल्ह्यात तिथं जा. धादांत चूक! २०१९च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. हे मला शेजारच्या वकिलीणबाईंनी सांगितलं, सरकारने नाही. आणि मग त्यांनीच विचारलं, "काका, बिल आहे ना?" पैसे पाठवल्याचा पुरावा आहे, बाईच्या नावाचा. तेवढ्यावर तक्रार लिहून दिली आहे.

नातेवाईक म्हणतात, एवढ्यासाठी कशाला? एवढ्यासाठीच. रात्री घाटात दोन्ही लाइट गेलेल्या गाडीत चौथा कुणी असता, लहान मूल असतं तर?

डिकीत आता स्वतःचा मीटर असतो, साडेतीनशेचा. सकाळी सेल्फ मारायच्या आधी १२.५, चालू केल्यावर १४.१, लाइट-पंखा-वायपर लावून १३.६. वहीत लिहितो. ही हसते, हसू दे.

तो चंदेरी डबाच अजून गाडीत आहे, नवा रेग्युलेटर घालून चालतोय. माझा मूळ अल्टरनेटर मात्र त्यांच्याकडे राहिला. एव्हाना त्यालाही आंघोळ घातली असेल. त्याच्या मागच्या झाकणावर मी २०१६ साली बेरिंग बदलताना पंचने तीन ठिपके मारले होते, रंगाखालीही बोटाला लागतील. कुणाच्या गाडीत सापडला तर कितीला बसवला ते मला कळवा.