बदलापूरला हेवी डिपॉझिटवर फ्लॅट घेताय? आधी हे वाचा

आम्ही सोलापूरचे, जुळे सोलापूरला राहतो. लेकाला अंबरनाथ एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून बदलापूरला घर बघायला गेलो, सिद्धेश्वरनं कल्याणला उतरायचं आणि तिथून लोकल. गाव खरंच छान आहे हो, आपल्याकडं उन्हाळ्यात नुसतं भाजून निघतं आणि तिथं जिकडं बघावं तिकडं डोंगर. एजंटनं बदलापूर पूर्वेला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला, थेट गॅलरीत नेलं आणि म्हणाला, मावशी तो बघा चंदेरीचा सुळका, पावसाळ्यात इथून उठावंसं वाटणार नाही. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पुरात अडकलेली ते माझ्या डोक्यात होतं, म्हणून मी पाणी कुठपर्यंत येतं, लाईट जाते का सगळं विचारलं, पठ्ठ्यानं सगळ्याची नीट उत्तरं दिली. भाडं काही नाही, चार लाख हेवी डिपॉझिट द्या, घर सोडताना सगळे परत. आमच्या ह्यांनी एफडी मोडली. मालक स्वतः आला, आधार दाखवलं, लाईटबिल त्याच्याच नावावर, आणि ॲग्रीमेंट पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून दिलं, रजिस्टर करू म्हटलं तर उगाच खर्च कशाला, इथं सगळे असंच करतात म्हणाला.

दिवाळीनंतर लेकाचा फोन आला, दारावर कागद चिकटवलाय. बँकेची ताबा नोटीस. मालकानं त्याच फ्लॅटवर कर्ज काढलेलं, हप्ते कधीचे थकलेले, म्हणजे आमच्याकडून पैसे घेताना त्याला पक्कं माहीत होतं की घर जाणार आहे!! आता त्याचा फोन बंद, आणि एजंट म्हणतो मी फक्त ओळख करून दिली. बँकेचा माणूस चांगला बोलला पण म्हणाला कर्ज आधीचं, तुमचं नोटरीचं ॲग्रीमेंट नंतरचं, आम्ही काय करणार.

म्हणून सांगते, नुसतं लाईटबिल आणि आधार बघून पैसे देऊ नका. नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्चमधे फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा, निघतो, गहाणाची नोटीस नोंदवलेली असली तर तिथंच दिसते, आणि सरसाई (CERSAI) म्हणजे गहाण कर्जांची देशभरची नोंद ठेवणारी संस्था, तिच्या साईटवर थोडी फी भरून त्या घरावर कर्ज आहे का ते बघता येतं. सोसायटीच्या सेक्रेटरीला एकट्यानं जाऊन भेटा, एजंटला बरोबर नेऊ नका, आमच्या बिल्डिंगमधे सगळ्यांना माहीत होतं पण सांगणार कोण. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर राहायला देण्याचं ॲग्रीमेंट, रजिस्टर करणं कायद्यानं बंधनकारक आहे, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५, आणि ती जबाबदारी मालकाची, त्यामुळं जो रजिस्टर नको म्हणतो त्याच्या हातात रुपयासुद्धा ठेवू नका.

पोलिसात लेखी तक्रार दिलीय, चेकचा पुरावा आहे. लेक सध्या अंबरनाथला मित्राच्या खोलीवर राहतोय. तोच एजंट आता वांगणीला फ्लॅट दाखवतोय असं कळलं, तेच हेवी डिपॉझिट, तेच डोंगर. सोलापूरकडची बरीच पोरं तिकडं नोकरीला जातात, त्यांच्या आईवडिलांपर्यंत हे पोचवा.