छोट्या कॉलेजात आर्ट्स : आठ महिन्यांनंतर

बारावीनंतर आर्ट्स घ्यायला घरातून विरोध नव्हता. मामा मात्र म्हणाला, "आर्ट्सच करायचंय तर निदान मोठ्या नावाच्या कॉलेजात कर." मी दक्षिण मुंबईतलं एक छोटं कॉलेज निवडलं. इतिहास मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, आम्ही अकरा जण आहोत. आता दुसरं सेमिस्टर अर्ध्यावर आलंय. यंदा प्रवेश घेणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितेय.

अकरा जणांच्या वर्गात लपायला जागा नसते. वाचून आला नाहीत तर पाच मिनिटांत कळतं. सुरुवातीला मला हे फार जड गेलं. बदलापूरहून गाडीत उभं राहून यायचं आणि आल्या आल्या प्रश्न! पण ऑगस्टमध्ये तापाने आठवडाभर घरी होते, तेव्हा मॅडमनी आईला फोन करून विचारलं, "नोट्स कुणाबरोबर पाठवू?" त्या दिवशी हे कॉलेज मला आपलं वाटलं.

सगळ्यात जास्त मिळालं ते मोडीच्या, म्हणजे पूर्वी मराठी लिहायला वापरत त्या लिपीच्या, तासात. हा अभ्यासक्रमाचा भाग नाही, सर शनिवारी लेक्चर संपल्यावर स्वतःहून घेतात. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत अंतरही नाही. नोव्हेंबरात सरांनी एका जुन्या पत्राची झेरॉक्स हातात दिली. वीस मिनिटं मला नुसत्या वेलांट्यांची गर्दी दिसत होती. सर शेजारी येऊन बसले, उत्तर सांगितलं नाही, पेन्सिलीचं टोक फक्त एका जागी ठेवलं. तिथे 'मौजे' होतं, गावाच्या नावाआधी लिहितात तो शब्द. ते सुटल्यावर पुढे गावाचं नाव असणार हे आपोआप कळलं, आणि ओळ हळूहळू उलगडत गेली. सव्वाशे मुलांच्या वर्गात सर असे शेजारी येऊन बसू शकले नसते.

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचा संग्रह, आहे. तिथेही आम्हाला दोन गटांत नेलं. कंपनी सरकारच्या काळातले जाडजूड खंड समोर ठेवले होते. पेन बॅगेत, हातात फक्त पेन्सिल. पान उलटताना माझा हात थरथरत होता.

आता तक्रारी. २०२० च्या शैक्षणिक धोरणात विषय निवडण्याची मोकळीक आहे, पण छोट्या कॉलेजात ती बरीचशी कागदावरच राहते. मला मायनरला, म्हणजे दुय्यम विषयाला, मानसशास्त्र हवं होतं. पुरेशी मुलं नाहीत म्हणून वर्ग उघडलाच नाही आणि राज्यशास्त्र घ्यावं लागलं. विषय वाईट नाही, पण ही रुखरुख अजून आहे.

दुसरी तक्रार रेल्वे कन्सेशनची, म्हणजे सवलतीच्या पाससाठी कॉलेजातून मिळणाऱ्या फॉर्मची. ऑफिसची खिडकी दिवसातून एकच तास उघडी असते, तीही नेमकी लेक्चरच्या वेळी. फॉर्म मिळाल्यापासून तीन दिवसांत पास काढावा लागतो. एकदा माझी मुदत उलटली आणि नवा फॉर्म मिळेपर्यंत रोज रिटर्न तिकीट काढलं. लांबून येणाऱ्या मुलांना हा खर्च जाणवतो, आणि खिडकीची वेळ बदलली तर तो सहज टळेल.

कँटीन यथातथाच आहे, डबा आणा. लायब्ररी लहान आहे, पण बाई पुस्तक शोधून देतात आणि परीक्षेच्या काळात मुदतही वाढवून देतात.

पुन्हा निवडायचं झालं तरी मी हेच कॉलेज घेईन. तुम्ही छोटं कॉलेज बघत असाल तर फॉर्म भरण्याआधी एकदा प्रत्यक्ष जा. माहितीपत्रकात छापलेले विषय सोडा, गेल्या वर्षी कोणत्या मायनरचे वर्ग खरोखर भरले ते दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. आणि कन्सेशनची खिडकी किती वाजता उघडते, तेही.