टच इंडक्शन, बटणवालं इंडक्शन की गॅस? न दिसणाऱ्याने काय घ्यावं

आमच्यात कोणी वेगळं बिऱ्हाड केलं की पहिला फोन याच्यासाठीच येतो, गॅस घेऊ की इंडक्शन? घरचे म्हणतात इंडक्शनच घे, आग नाही, भीती नाही. बरोबर आहे, पण कुठलं इंडक्शन ते कोणी विचारत नाही आणि खरी गोम तिथेच आहे. मी पूर्ण अंध, स्वयंपाक रोजचा, तिन्हीवर हात बसलाय माझा.

टचवालं आधी घेतो कारण दुकानात तेच पुढे करतात. सगळी सपाट काच, ना उंचवटा ना खाच. आता आपण बटण शोधणार कसं, तर बोट फिरवून, आणि या बयेला बोट लागलं की हुकूमच वाटतो. प्लस कुठाय बघायला जावं तर वाटेत मेनू लागतो, बीप, मग टायमर लागतो, परत बीप, आणि दोन्ही बीप सारख्याच. भाचीकडे कांदा परतत होतो, आच कमी करायला हात नेला आणि चुरचुर एकदम थांबली. बंद पडलं की दुसऱ्याच मोडवर गेलं काही कळेना, शेवटी तिला हाक मारून आकडा वाचून घेतला. हे मला फार लागलं. भाजी करताना आकडे वाचायला माणूस उभा ठेवायचा तर मग त्यानेच केली असती की भाजी! ठिपके चिकटवा म्हणतात, पण जाड ठिपका नेमका बटणावर लावला तर खालच्या काचेला बोटाचा पत्ताच लागत नाही, शेजारी लावला तर थोडं बरं. ओल्या हाताने पॅनल बिथरतं ते वेगळंच.

गॅसच्या नॉबला तोड नाही हे मी मान्य करतो. दाबून डावीकडे वळवला की मोठा, तसाच पुढे नेला की सिम, आणि तिथे तो अडतो, हाताला कळतं. ऑटो इग्निशन असेल तर थंड शेगडीवर पातेलं चाचपून मधोमध ठेवायचं आणि मग पेटवायचं. लायटरवालीत आधी ज्योत मग भांडं, बोटं तिथेच पोळतात. फुलका फुगवायचा तर गॅसच, त्यात वादच नाही. माझी अडचण एवढीच की मोठी आच ऐकू येते, सिम ऐकू येत नाही, त्यात एक्झॉस्ट चालू असेल तर विसराच. वाऱ्याने किंवा उतू गेलेल्या दुधाने ती विझली तर वास येईपर्यंत पत्ता नाही. ज्योत गेली की गॅस आपोआप तोडणारी शेगडी मिळते, एफएफडी म्हणून विचारा, पण साध्या दोन बर्नरवालीत सहसा ते नसतं.

राहिलं बटणवालं. दुकानदार ते जरा नाराजीनेच खालच्या फळीवरून काढतो. पण बोट कितीही फिरवा, दाबल्याशिवाय काही होत नाही, आणि दाबलं की टक्क लागतं. माझं तरी दर वेळी एकाच आकड्यापासून सुरू होतं, म्हणून मायनस किती वेळा दाबलं की वरण मंद उकळतं ते बोटांना पाठ झालंय. भांडं उचललं की ओरडतं आणि थोड्या वेळाने गप बंद होतं.

त्रास आहेतच. इंडक्शनच्या आतल्या पंख्याच्या घरघरीत मोहरी तडतडलेली नीट ऐकू येत नाही. भांडी चुंबक चिकटणारीच लागतात आणि काचेवर ती सरकतात, म्हणून मी भांड्याच्या बुडापासून लांब, कडेला एम-सीलचे चार ठिपके लावलेत, त्यावरून मध्य सापडतो. काच बंद केल्यावरही तापलेली असते, हात लगेच ठेवू नका. लाईट गेली तर उपाय नाही, म्हणून गॅस मी काढलेला नाही, फुलक्यांपुरता आहे.

ज्याचा त्याचा हात वेगळा, थोडं दिसत असेल तर टचही चालून जाईल कदाचित. पण मला कोणी विचारलं तर मी खालच्या फळीकडे बोट दाखवतो. नॉबवालं इंडक्शन दाखवलं तर आधी नॉब फिरवून बघा, काहींचा अडतच नाही, नुसता गोल गोल फिरतो आणि आकडा पडद्यावर. दुकानात प्लग लावून, वर पाण्याचं भांडं ठेवून स्वतःच्या हाताने चालू-बंद करून बघा, विक्रेता करून दाखवतो म्हणाला तरी.