जुन्या डाय-कास्ट गाड्यांसाठी 80 × 60 चं भिंत-कपाट: साचा उत्तम, माल बदलावा लागतो

दोन उभे खण, आठ ओळी, पुढे सरकत्या काचा. डाय-कास्ट, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेल्या छोट्या गाड्या मांडण्यासाठी भिंतीला टांगायचं हे कपाट वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं, पण साचा एकच असतो. बाहेरून 80 सेंमी रुंद, 60 सेंमी उंच. सांगाडा लॅमिनेट केलेल्या एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड), फळ्या 4 मिमी अ‍ॅक्रिलिकच्या, मागे 3 मिमीचा बोर्ड. प्रत्येक खण आतून साधारण 37.5 सेंमी रुंद आणि 8.5 सेंमी खोल, दोन फळ्यांमधली मोकळी उंची 6.5 सेंमी. नव्या गाड्या मांडणाऱ्याला ते आहे तसं चालेल. 1930 ते 1970 च्या दशकांतल्या गाड्या ठेवायच्या असतील तर मात्र आधी स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा लागेल.

मापं विचार करून काढली आहेत, हे मान्य करायलाच हवं. 1:43 च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या 43 पट लहान, डिंकी किंवा कॉर्गी या ब्रँडच्या गाड्या साधारण 10 सेंमी लांब असतात. आडव्या लावल्या तर खणाच्या एका ओळीत तीन आरामात बसतात, म्हणजे पूर्ण कपाटात 48. लेस्नी कंपनीच्या सुरुवातीच्या मॅचबॉक्स गाड्या याहून बऱ्याच लहान. त्या खणाच्या एका ओळीत पाच धरल्या तर 80 जागा होतात, आणि 1953 मध्ये सुरू झालेली 1 ते 75 ची मालिका सलग लावून वर पाच जागा उरतात. या पाच जागा लागतातच, कारण एकाच क्रमांकाची गाडी राखाडी चाकांची आणि काळ्या चाकांची अशी दोन्ही हवी असतात. क्रेन किंवा फोडन लॉरीसारख्या डिंकी सुपरटॉईज (डिंकीच्या मोठ्या गाड्या) ठेवायच्या तर त्या खणातली एक फळी काढा. 1:18 वाल्यांनी इकडे पाहूच नये. त्या गाडीची रुंदीच 10 सेंमीच्या आसपास जाते.

पहिली अडचण फळ्यांची. 4 मिमी अ‍ॅक्रिलिकवर दीडदीडशे ग्रॅमच्या तीन गाड्या ठेवल्या की काही महिन्यांत फळी मधोमध किंचित झोल खाते. नजरेला ते कळतही नाही, गाड्यांना मात्र कळतं. ज्यांचे आस मोकळे फिरतात त्या घरंगळत मधल्या गाडीला जाऊन टेकतात आणि बंपरला बंपर घासून मूळ रंगाचा टवका उडतो. जुन्या गाडीवरचा असा टवका भरून काढायचा नसतो. रंग लावला की गाडी ‘रीपेंट’ ठरते आणि तिची किंमत पडते. त्यामुळे सगळ्या फळ्या 4 मिमी काचेच्या करून घ्या. लांबी खाचेच्या तळापासून तळापर्यंत मोजा, त्यातून 2 मिमी वजा करा आणि काचवाल्याकडून चारही कडा घासून घ्या. कापलेली कच्ची कड एमडीएफची खाच कुरतडते आणि भुसा खालच्या ओळीवर पडत राहतो.

काचेचा आणखी एक फायदा टायरांसाठी आहे. जुने मऊ पीव्हीसी टायर वर्षानुवर्षं एका जागी राहिले की त्यांच्यातलं प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन) बाहेर झिरपतं. खाली प्लॅस्टिक किंवा रंगवलेला पृष्ठभाग असेल तर तो चिकट होतो आणि टायर त्याला धरून बसतो. काचेवर फार तर तेलकट ठसा उमटतो, तो पुसता येतो. त्यावरही उत्तम उपाय म्हणजे चाकं टेकूच द्यायची नाहीत. चाकाच्या तळापासून बेसप्लेटपर्यंतचं (गाडीच्या पोटाच्या पत्र्यापर्यंतचं) अंतर मोजा, त्याहून 1 मिमी उंच असा काचेचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा मधोमध सरकवा. टायर सपाट होत नाहीत, गाडी घरंगळत नाही, आणि समोरून पाहणाऱ्याला ठोकळा दिसतही नाही. लोकरीचा फेल्ट अंथरू नका. लोकरीत गंधक असतं, त्याने चकचकीत धातूचे भाग काळवंडतात.

दुसरी अडचण दिसत नाही, म्हणून जास्त त्रासदायक. एमडीएफमधून फॉर्मल्डिहाइड आणि सेंद्रिय आम्लांची वाफ हळूहळू बाहेर पडत असते. उघड्या रॅकवर ती उडून जाते. बंद कपाटात ती साठते. शिशाच्या जुन्या मॉडेलवर आणि रंग नसलेल्या जस्ताच्या बेसप्लेटवर त्यामुळे पांढरी भुकटी धरते. लॅमिनेट केलेल्या बाजूंची काळजी नको. उघडा माल असतो तो मागच्या बोर्डाला आणि फळ्यांच्या खाचांना. बोर्ड काढून टाका आणि त्या जागी 3 मिमी अ‍ॅल्युमिनियम कंपोझिट पॅनल सरकवा. जाडी तीच असल्याने मागच्या खाचेत ते काही न करता बसतं. फळ्यांच्या खाचांत अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी दाबून बसवा. हे सगळं कपाट टांगण्याआधी करा, कारण बोर्ड वरच्या पट्टीखालून सरकतो आणि टांगल्यावर ती पट्टी निघत नाही. पॅनलचा रंग फिका राखाडी घ्या. काळ्यावर डिंकीच्या लष्करी गाड्या हरवतात, आणि आरसा लावला तर डोळा गाडीऐवजी स्वतःच्या चेहऱ्यावर जातो.

या पांढऱ्या भुकटीची आणि झिंक पेस्टची (zinc pest, म्हणजे जस्ताला आतून लागणारी कीड; लेपाची पेस्ट नव्हे) गल्लत नेहमी होते. भुकटी वरून येते, झिंक पेस्ट आतून. डाय-कास्टचा मिश्रधातू म्हणजे जस्त, त्यात सुमारे 4 टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि किंचित मॅग्नेशियम, तांबं. त्यात शिशाचा अगदी थोडा अंश मिसळला गेला असेल तर धातूच्या कणांच्या सीमांवर आतल्या आत गंज चढतो, गाडी फुगते, वाकते, बारीक भेगा पडतात आणि शेवटी तुकडे होतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकींमध्ये हे सर्रास दिसतं. त्यावर इलाज नाही, फक्त वेग कमी करता येतो. आणि हा रोग शेजारच्या गाडीला लागत नाही, लोक काहीही म्हणोत. गाडी वेगळी ठेवायचं खरं कारण एवढंच की तिचे तुकडे झाले तर ते इतर गाड्यांमध्ये पसरू नयेत.

दमट हवा दोन्ही त्रास वाढवते. कपाटाची आतली जागा सुमारे 35 लिटर. रंग बदलणारं 100 ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक खालच्या ओळीत ठेवा, काटा 40 ते 50 टक्क्यांत राहू द्या. जेल आठवड्याच्या आत रंग बदलत असेल तर दोष जेलचा नाही, दाराच्या फटीचा आहे. दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे जवळपास 5 मिमीची फट आहे, धूळ तिथूनच येते. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना लावतात ती केसाळ ब्रशपट्टी आतल्या काचेच्या कडेला चिकटवली की काम होतं. निर्मात्याने ती कारखान्यातच लावायला हवी होती.

सोबत येणारी एलईडी पट्टी वापरायची असेल तर अडॅप्टर कपाटाबाहेर ठेवा आणि पट्टी फक्त वरच्या पुढच्या कडेला लावा. प्रत्येक फळीखाली लावली तर वरच्या गाडीला सतत ऊब मिळते. ऊन थेट येणारी भिंत तर टाळाच. पहिले बळी म्हणजे 1968 पासूनच्या हॉट व्हील्सवरचा पारदर्शक चमकदार रंग आणि कागदी लेबलं.

टांगणीच्या बाबतीत पेटीतलं सामान सरळ बाजूला ठेवा. काचेच्या फळ्या, दारं आणि 48 गाड्या धरून वजन 20 किलोच्या वर जातं, आणि सोबत मिळतात दोन टांगण्या आणि 6 मिमीचे प्लग. चार जागी 8 मिमीचे प्लग आणि 60 मिमीचे स्क्रू घ्या, वरचे दोन सांगाड्याच्या जाड पट्टीतून, खालचे दोन कपाट भिंतीपासून हलू नये म्हणून. पोकळ भिंत असेल तर स्क्रू आतल्या चौकटीतच गेला पाहिजे. शेवटी पाणसळ वरच्या पट्टीवर न ठेवता खालून दुसऱ्या फळीवर ठेवून पाहा. ती फळी समपातळीत असेल तरच ठोकळे न लावलेल्या गाड्याही जागच्या जागी राहतील.