हिरवा दिवा लागला तरच घ्या: पहिल्या प्लेस्टेशनचा ड्युअल अ‍ॅनालॉग कंट्रोलर

जुन्या कंट्रोलरच्या बाजारात या तुकड्याइतकी नावाची गल्लत क्वचितच कुठे होते. ‘ड्युअल अ‍ॅनालॉग’ असं शोधलं की समोर येणाऱ्या यादीत बहुतेक सगळे सोनीचेच नंतरचे ड्युअलशॉक कंट्रोलर असतात. विकणारा फसवतो असंही नाही. दोन अ‍ॅनालॉग स्टिक (अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांड्या) दिसल्या म्हणून तो बिचारा तसं लिहितो. खरा ड्युअल अ‍ॅनालॉग सोनीने जपानमध्ये एप्रिल १९९७ मध्ये आणला, अमेरिकेत तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोचला. नोव्हेंबरमध्ये जपानात आणि मे १९९८ मध्ये अमेरिकेत ड्युअलशॉक आला आणि याची सद्दी तिथेच संपली. इतकं कमी आयुष्य लाभल्यामुळेच तो आज शोधावा लागतो.

शोधताना नाव विसरा, मॉडेल क्रमांक टाका. जपानी आवृत्ती एससीपीएच-११५० (SCPH-1150), अमेरिकन एससीपीएच-११८०, युरोपीय ११८० पुढे ई. ड्युअलशॉकचा क्रमांक १२००, आणि तो कंट्रोलरच्या पाठीवर छापलेला असतो. त्यामुळे पाठीचा फोटो मागितल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत. जपानी विक्रेते दोघांनाही ‘अ‍ॅनालॉग कंट्रोलर’च म्हणतात, ड्युअलशॉकच्या बाबतीत फक्त त्यापुढे कंसात ‘ड्युअलशॉक’ हा शब्द जोडलेला असतो. स्वस्तात मिळण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे ‘प्लेस्टेशनचे पाच कंट्रोलर एकत्र’ अशा ढिगाऱ्याच्या विक्री. तिथे क्रमांक कुणी लिहीत नाही, फोटोवरूनच ओळखायचं.

फोटोत बघायची जागा स्टिकचा माथा. ड्युअलशॉकच्या स्टिकवर रबर असतं आणि माथा बाहेर फुगलेला असतो, त्यामुळे खोलीतल्या दिव्याचा उजेड त्याच्या टोकावर ठिपक्यासारखा चमकतो. ड्युअल अ‍ॅनालॉगचा माथा कडक प्लास्टिकचा आणि वाटीसारखा आत गेलेला. त्यात एका बाजूला चंद्रकोरीसारखी सावली पडते. अंधुक फोटोतही ही सावली सुटत नाही. दुसरी खूण मुठींची: याच्या दोन्ही मुठी ड्युअलशॉकपेक्षा लांब आहेत, शेजारी साधा ड्युअलशॉक ठेवून काढलेला फोटो मिळाला तर फरक लगेच कळतो. पारदर्शक किंवा रंगीत कवच दिसलं तर वेळ घालवू नका, तो ड्युअलशॉक असणार.

पण स्टिकच्या टोप्या बदलता येतात आणि कवचही बदलता येतं. म्हणून शेवटचा शब्द कंट्रोलरवरच्या दिव्याचा. कन्सोलला जोडून मधलं ‘अ‍ॅनालॉग’ बटण दाबत राहिलं की ड्युअलशॉकमध्ये दिवा बंद आणि लाल एवढ्याच दोन अवस्था येतात. ड्युअल अ‍ॅनालॉगमध्ये तिसरी येते, हिरवी. विक्रेत्याकडून दहा सेकंदांचा व्हिडिओ मागवा: पाठीवरचा क्रमांक, मग न थांबता तोच कंट्रोलर कन्सोलला जोडून बटण दाबताना. मध्ये कट असेल तर दुसरा व्हिडिओ मागा.

या हिरव्या दिव्यासाठीच हा कंट्रोलर घ्यायचा. हिरव्या अवस्थेत तो कन्सोलला आपली ओळख सोनीच्या दोन दांड्यांच्या मोठ्या जॉयस्टिकची, म्हणजे एससीपीएच-१११० ची देतो. तांत्रिक भाषेत साध्या अवस्थेत ओळख-क्रमांक ४१, लालमध्ये ७३ आणि हिरव्यात ५३ (तिन्ही हेक्साडेसिमल, म्हणजे सोळावर आधारलेल्या अंकपद्धतीत). ‘मेकवॉरियर २’ किंवा ‘डिसेंट मॅक्सिमम’ यांसारखे खेळ त्या अवजड जॉयस्टिकसाठी लिहिलेले. ते लाल अवस्थेला ओळखत नाहीत, पण हिरव्यात दोन्ही स्टिक व्यवस्थित चालतात. टेबलभर पसरणारी जॉयस्टिक न घेता हे खेळ जसे खेळायला हवेत तसे खेळता येतात, आणि ही सोय ड्युअलशॉकमध्ये पुन्हा कधीच आली नाही. आमच्या मते सोनीने इथे चूक केली.

हिरव्या अवस्थेत एक गोष्ट मात्र माहीत हवी, नाहीतर चांगला तुकडा बिघडलेला समजून परत पाठवला जातो. जॉयस्टिकच्या मांडणीशी जुळावं म्हणून पाच बटणं जागा बदलतात. आर१ दाबला की खेळाला त्रिकोण मिळतो, त्रिकोण दाबला की आर१. आर२ चौकोन होतो, चौकोन एल१ होतो आणि एल१ आर२ होतो. गोल आणि फुली जागच्या जागी राहतात. म्हणून बटणांची तपासणी नेहमी दिवा बंद ठेवून करा.

कोणती आवृत्ती घ्यावी? थरथर फक्त जपानी ११५० मध्ये आहे. तीही एकाच मोटरची, चालू किंवा बंद एवढीच, जोर कमीजास्त होत नाही. शिवाय खेळ ड्युअलशॉकला ज्या सेटिंगच्या आज्ञा देतो त्या ड्युअल अ‍ॅनालॉगला कळत नाहीत, त्यामुळे नंतरचे सगळेच खेळ ही मोटर हलवतील असं नाही. याच कारणाने खेळ स्वतःहून अ‍ॅनालॉग सुरू करू शकत नाही, बटण दर वेळी हातानेच दाबायचं. मोटर नसलेला ११८० हाताला हलका लागतो, आणि हिरवा दिवा तिन्ही आवृत्त्यांत आहे. थरथरीसाठी जास्त पैसे मोजण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. संग्रहासाठी घेत असाल तर ११५० ठीक.

हातात आल्यावर पहिली तपासणी स्टिकची. प्रत्येक स्टिकला दोन पोटेन्शियोमीटर (कार्बनच्या पट्ट्यावरून स्टिकची जागा मोजणारे भाग), आणि प्रत्येकाचा आकडा ० ते २५५, मध्य १२८. संगणकाला अ‍ॅडाप्टरने जोडून आकडे बघा. स्टिक वर नेऊन सोडा, आकडा लिहा; खाली नेऊन सोडा, पुन्हा लिहा. ११८ आणि १३७ असे वेगळे आकडे आले तर घाबरू नका, तो यंत्राचा मूळचा सैलपणा आहे, खेळ तेवढं सांभाळून घेतात. स्टिक अगदी हळू सरकवताना आकडा मध्येच ६० वर उडी मारून परत आला तर मात्र कार्बनचा पट्टा मळलाय किंवा झिजलाय. मळ असेल तर कवच उघडून, पोटेन्शियोमीटरच्या फटीत संपर्क साफ करण्याच्या स्प्रेचा एक थेंब सोडा आणि स्टिक पंचवीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. तासाभराने पुन्हा मोजा. उडी तशीच राहिली तर पट्टा झिजलेला आहे, स्प्रे कितीही मारला तरी उपयोग नाही, भाग बदलावा लागेल. बिजागरीला घालायचं तेल चुकूनही वापरू नका. त्याचा थर आत राहतो आणि धूळ धरतो.

हिरव्या दिव्याची चाचणी मात्र अ‍ॅडाप्टरवर उरकू नका. अ‍ॅडाप्टरला ५३ हा क्रमांक ओळखता येत नसेल तर चांगला कंट्रोलरही मेल्यासारखा दिसतो. ती चाचणी खऱ्या कन्सोलवरच.

बटणं दाबायला जोर लागत असेल तर रबराच्या खालचा काळा ठिपका बघा. नव्वद टक्क्यांच्या वर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन हलकं टिपायचं. घासलं तर काळा थरच निघून येतो आणि ते बटण कायमचं जातं. कवच उघडताना मागचा भाग वर येईल असं धरा आणि सावकाश उचला, कारण एल आणि आर बटणं लगेच निसटतात. कोणतं कुठे होतं याचा फोटो आधीच काढून ठेवा.

वायर जिथे कवचात शिरते तिथे बोटांनी हलकं वाकवून बघा. असं करताना दिवा लुकलुकला तर आतली तार तुटत आलेली आहे. तेवढा तुकडा कापून तारा परत सोल्डर करून जोडता येतात, पण वायर दोन-तीन इंच आखूड होते. हा दोष असेल तर किंमत कमी करून मागायला हरकत नाही.

स्टिकचा माथा झिजून गुळगुळीत झालेला असतो, तो दोष धरू नका. ड्युअलशॉकचं रबर वर्षांनी चिकट होतं, सोलून निघतं. हे कडक प्लास्टिक तसं होत नाही. अंगठा वाटीत बसतो आणि विमानाचे खेळ खेळताना घसरत नाही. घाम आला की मात्र पकड सुटते, कोरडा रुमाल जवळ असू द्या.