प्लेट चकाचक, मागे नुसती पोकळी

जिप्समच्या पार्टिशनमध्ये स्विच-सॉकेट बसवून घेणार असाल, तर बिलातली एक ओळ नीट पाहा: 'बॅकिंग प्लाय व सपोर्टसह'. याच ओळीपायी माझ्याकडून पॉइंटमागे ३५० रुपये जादा घेतले, आणि भिंत उघडली तेव्हा आत प्लायचा तुकडासुद्धा नव्हता.

नागपुरात मानेवाड्याला आमच्या हॉलमध्ये पार्टिशन घालून शिलाईसाठी खोली काढली. ठेकेदार सामानासकट काम घेणारा, बोलायला एकदम गोड. स्विच-सॉकेट ज्यात बसतात तो डबा विटांच्या भिंतीत सिमेंटमध्ये चारही बाजूंनी पक्का बसतो. जिप्समचा बोर्ड मात्र साडेबारा मिलिमीटरचा, मागे पोकळ, आणि लोखंडी चॅनल दोन-दोन फुटांवर. मधल्या जागेत डबा आला तर त्याला धरायला काही नसतं, म्हणून दोन चॅनलच्या मधे आडवा प्लाय मारावा लागतो. हे सगळं मला त्यानेच कोटेशन देताना समजावलं होतं. तेव्हा 'कारागिराला माहीत नव्हतं' ही सबब इथे चालत नाही. माहीत होतं, त्याचे पैसेही घेतले, फक्त केलं नाही.

प्रेसची, म्हणजे इस्त्रीची, पिन १६ अँपिअरची, जाड. नव्या सॉकेटात ती घट्ट बसते, काढताना जोर लागतोच. एके दुपारी मी पिन ओढली आणि तिच्यासोबत प्लेट, सॉकेट, डबा असं सगळंच बोटभर बाहेर आलं. फटीतून पांढरी भुकटी गळत होती. मेन बंद केला आणि ओळखीच्या परवानाधारक वायरमनला बोलावलं.

त्याने प्लेटचे दोन स्क्रू काढले तेव्हा कळलं. बोर्डाला डब्यापेक्षा मोठं, वेडंवाकडं भोक पाडलेलं आणि भोवतीची फट पीओपीने लिंपलेली. डबा त्या पीओपीवर आणि जिप्सममध्येच मारलेल्या दोन स्क्रूंवर टेकून होता. जिप्सममध्ये स्क्रूला पकड कसली? चार वेळा पिन ओढली की भोक सैल. बिलात पाइप लावलेला, इथे वायर चॅनलच्या धारदार कडेवरून उघडीच नेलेली. एके ठिकाणी तिचं आवरण खरवडून तांबं दिसायला लागलं होतं. डबा लोखंडी, पण त्याला अर्थिंगच जोडलेलं नाही. म्हणजे ते तांबं डब्याला टेकलं असतं तर डबा, त्याचे स्क्रू, सगळ्यांतच करंट. बाकीचे डबे उघडले, तीच कथा.

आणि फोटो! दुसऱ्या बाजूचा बोर्ड मारण्याआधी आतलं दाखवा, असं मी बजावलं होतं. मी गिऱ्हाइकाकडे गेले त्या संध्याकाळी त्याने बोर्ड मारून घेतला आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. छान प्लाय, छान पाइप. आता तोच फोटो मोठा करून पाहिला तर खाली पांढऱ्या टाइल्स. आमच्या हॉलला शहाबादी आहे.

फोन केला तर म्हणे, "काहून टेन्शन घेऊन राहिल्या ताई, पोराला पाठवतो, एम-सील भरून देईल." एम-सीलने भोक बुजतं, डब्याला आधार मिळत नाही.

वायरमनने मग काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला कामाची पारख होईल. चॅनलच्या जवळचे डबे सरकवून थेट चॅनललाच स्क्रूने कसले. प्रेसच्या सॉकेटमागे बोर्ड कापून १८ मिलिमीटरचा प्लाय दोन्ही चॅनलना आडवा मारला आणि डब्याच्या पाठीतून स्क्रू त्यात घेतले. मोबाइल चार्जिंगच्या हलक्या पॉइंटना पोकळ भिंतीसाठी मिळणारे प्लास्टिकचे डबे लावले. त्यांची पुढची कड बोर्डावर टेकते, आणि स्क्रू आवळला की मागचे कान उघडून बोर्डाला आतून आवळतात. पण भोक मापातच हवं. मोठं झालं की कानांना पकडायला बोर्डच उरत नाही, म्हणून आमची जुनी भोकं आधी पट्टी मारून बुजवावी लागली. वायर पाइपमध्ये घेतली आणि लोखंडी डब्यांना अर्थिंग जोडलं.

तुमच्याकडे काम चालू असेल तर दुसरी बाजू बंद होण्याआधी स्वतः आत डोकवा. फोटो हवाच असेल तर त्यात तुमची फरशी किंवा खिडकी दिसू द्या. काम झालेलं असेल तर प्लेटची कड धरून हळूच हलवून बघा. डुगडुगली तर मेन बंद करून वायरमनकडून उघडून घ्या. नुसती पिन ढिली आहे म्हणून सॉकेट बदलत बसू नका.

ठेकेदाराची बाकी रक्कम मी रोखली आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पक्कं बिल नसलं तरी व्हॉट्सॲपवरचं कोटेशन, यूपीआयच्या नोंदी आणि उघड्या डब्यांचे फोटो जपून ठेवा. दुरुस्ती सुरू करण्याआधी ते फोटो काढायला विसरू नका. प्लाय बसल्यावर दाखवायला काहीच राहत नाही.